संशोधन, तीन प्रतींत

शिक्षकाला संशोधनाची प्रेरणा साधारणपणे खिचडी वाटताना होते. एका हातात पळी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर निरोप: "सर्वांना कळविण्यात येते की, प्रत्येक शिक्षकाने एक कृती संशोधन करून त्याचा अहवाल तीन प्रतींत उद्या दुपारी बारापर्यंत सादर करावा. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील." त्याखाली एकाने 'जी सर' लिहिलेलं असतं. मग सगळेच 'जी सर' लिहितात. शेवटी एक गुरुजी, जे कायम एक निरोप मागे असतात, ते मागच्या आठवड्यातल्या जंतनाशक गोळ्यांच्या माहितीला उद्देशून 'निरंक' असं टाकून मोकळे होतात. यंदा ते 'निरंक' कृती संशोधनाखाली पडलं. ग्रुपवरचं एवढं खरं विधान मी बऱ्याच दिवसांनी वाचलं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि धुळ्यात राहतो. (शासनदरबारी मी शाळेच्या गावीच राहतो. आधीचं वाक्य वाचलंत ते विसरून जा.) शाळा दोन शिक्षकी. तिसरी-चौथी मॅडमकडे, पहिली-दुसरी, मुख्याध्यापकाचा शिक्का आणि पोषण आहाराचा तांदूळ माझ्याकडे.

एकदा संशोधन करायचं ठरलं, म्हणजे ठरून आलं, की पहिली पायरी समस्यानिवडीची. तिला फार अनुभव लागतो. समस्या खरी असून चालत नाही, कारण खरी समस्या उद्या बारापर्यंत सुटत नाही. आमच्या खऱ्या समस्या म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी पोरं शेतात असतात, ऊसतोडीला गेलेल्या घरांतली पोरं दिवाळीनंतर दिसेनाशी होतात, आणि पावसात पत्रे इतके वाजतात की मी 'कमळ' म्हणतो आणि वर्ग 'जेवण' ऐकून ताटल्या घेऊन उभा राहतो. यातल्या एकाही समस्येचं 'उत्तरचाचणी' या प्रकरणाशी जमत नाही. टिकाऊ समस्या म्हणजे 'इयत्ता दुसरीतील विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरातील दोषांचा शोध व उपाययोजना'. हस्ताक्षर हुकमी असतं. परिशिष्टात आधीचा नमुना जोडायचा तो पोराला डाव्या हाताने लिहायला लावून, नंतरचा उजव्या हाताने. आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींनी गडबडीत वर्गातला डावखुरा पोरगा धरला, आणि त्यांच्या उपाययोजनेनंतर अक्षर बिघडल्याचं सिद्ध झालं. त्यांनी पानांची अदलाबदल केली, पण तारखा तशाच राहिल्या. त्यामुळे त्यांची उत्तरचाचणी पूर्वचाचणीच्या तीन आठवडे आधी झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. अहवालाचं हे एक बरं असतं, त्याला वाचकाची भीती नसते.

मुळात ही कल्पना काही वाईट नव्हती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली कृती संशोधनावर लेख लिहिला, आणि अमेरिकेतल्याच स्टीफन कोरी यांनी १९५३ साली त्यावर पुस्तक लिहून ती शाळेच्या दारात आणली. कोरींचं म्हणणं साधं होतं. विद्यापीठातल्या पंडितांनी लांबून शोध लावायचे आणि शिक्षकाने ते मुकाट राबवायचे, याने शाळा बदलत नाही. शिक्षकाने आपल्या वर्गातली अडचण आपणच तपासावी, काही करून पाहावं, आणि जे दिसेल त्यावरून पुढचं ठरवावं. तीन प्रती आणि स्पायरल बाइंडिंग ही भर त्यात नंतर पडली. आमच्याकडे नोकरीला बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस झाली की निवडश्रेणी. त्या दोन्ही वळणांवर प्रशिक्षण असतं आणि प्रशिक्षणात काही ना काही लिहून द्यायचं असतं. त्यामुळे शिक्षकाच्या प्रतिभेला बाराच्या पाढ्याने बहर येतो.

हा बहर कुठे येतो, तर तालुक्याच्या गावी, झेरॉक्सच्या दुकानात. तालुक्यात शैक्षणिक संशोधनाचं एकच खरं केंद्र आहे आणि त्याच्या दारावर 'येथे पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका व सातबारा मिळेल' असा बोर्ड आहे. मी पोचलो तेव्हा आत पाच-सहा शिक्षक संशोधन करत उभे होते. दुकानवाल्या भाऊंनी मान वर न करता विचारलं,

"भाषा की गणित?"

"गणित."

"पाढे, भागाकार, का वजाबाकी?"

"वजाबाकी."

"हातच्याची का बिनहातच्याची?"

"हातच्याची."

"सर, हातच्याची आज सकाळपासून चार गेली. एकाच केंद्रात पाचवी द्यायची म्हणजे… कुठलं केंद्र तुमचं?"

मी केंद्राचं नाव सांगितलं. भाऊंनी 'कृती संशोधन फायनल फायनल खरं फायनल २' नावाचं फोल्डर उघडलं. "तुमच्या तिकडे भागाकार अजून कुणी नेला नाही. भागाकार घ्या. टक्के किती टाकू? पूर्वचाचणी बत्तीस, उत्तरचाचणी अठ्ठ्याण्णव, असं चालतंय सध्या."

"शंभर नको?"

"शंभर नका टाकू, सर. मागे एकांनी टाकले तर साहेब म्हटले, मग आता या वर्गाला शिक्षक कशाला लागतो?"

भाऊ स्वतः बारावीला गणितातच अडकलेले. पण त्यांच्याइतकी शैक्षणिक संशोधनं जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून गेली नसतील. गृहीतक आणि परिकल्पना यांतला फरक मला बी.एड.ला कळला नव्हता, तो त्यांनी काउंटरवर शाई बदलता बदलता सांगितला. "गृहीतक म्हणजे जे तुम्ही तपासणार नाही ते. परिकल्पना म्हणजे जे तपासल्यासारखं करणार ते. स्पायरलचे तीस. संदर्भसूची पाहिजे असली तर दहा वेगळे."

या पद्धतीत एकच धोका असतो. अहवाल गावोगाव फिरत येतो आणि येताना त्या त्या गावची माती घेऊन येतो. माझ्या शेजारी उभ्या गुरुजींना 'विद्यार्थ्यांच्या अनियमित उपस्थितीची कारणे' हवं होतं. मिळालेल्या अहवालात शाळेचं नाव बदललं, गावाचं बदललं, तालुका बदलला. सातव्या पानावर मात्र 'पालक पहाटे मासेमारीसाठी होड्या घेऊन समुद्रात जात असल्याने' असं वाक्य राहून गेलं. गुरुजींचं गाव पारोळ्याकडचं. तिथे पावसाळा सोडला तर बोरी नदीत बैलाचे खूर भिजायची मारामार. पुढे कधीतरी एका दक्ष अधिकाऱ्याने नेमकं तेच पान उघडलं.

"गुरुजी, पारोळ्याला समुद्र?"

"साहेब," गुरुजी जराही न डगमगता म्हणाले, "ती संशोधनाची मर्यादा आहे. मर्यादा या प्रकरणात घेतलीय."

अहवाल झाला की तो 'सामायिक' करायचा असतो. हा शब्द अलीकडे आमच्याकडे फार वापरतात. संशोधन कपाटात पडून राहू नये, दहा शाळांपर्यंत पोचावं, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद असते. जुनी मंडळी तिला अजून गटसंमेलनच म्हणतात. परिषदेत सतरंजी असते, प्रास्ताविक असतं, सर्वांना सामावून घेईल इतका चहा असतो आणि प्रोजेक्टर असतो. प्रोजेक्टर असतो तेव्हा वीज नसते. दोन्ही असतील तेव्हा प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यांना जोडणारी वायर मागच्या महिन्याच्या शाळेत राहिलेली असते.

यंदाच्या परिषदेत एका साधनव्यक्तींनी लेविन यांच्या एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगल्या मटणाची टंचाई पडली, तेव्हा गृहिणींनी काळीज, गुरदा, भेजा असलं काही रांधावं असं सरकारला वाटत होतं. लेविन यांनी काही बायकांना तज्ज्ञांचं व्याख्यान ऐकवलं, चांगलं मुद्देसूद, पाककृतींच्या कागदांसकट. दुसऱ्या काही बायकांना नुसतं गोल बसवून आपसात बोलू दिलं, अडचणी काढू दिल्या आणि शेवटी काय करणार ते ठरवू दिलं. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते घरी शिजवलं होतं, आणि आपसात बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी.

ही माहिती आम्हाला पावणेदोन तासांच्या व्याख्यानातून देण्यात आली.

मधे माझ्या शेजारच्या नाना गुरुजींनी हळूच विचारलं, "भेजा असा रांधताती का रे, खोबरं घालीसन?" त्यांना तेवढ्यात एक डुलकी लागून गेली होती आणि महायुद्ध त्यात निघून गेलं होतं. मी त्यांना गप्प केलं. वक्ते म्हणाले, "कुणाला काही शंका?" सगळे जण सतरंजीचे धागे मोजू लागले. शंका विचारली की व्याख्यान वाढतं, हे आम्हाला विद्यार्थी असल्यापासून ठाऊक आहे. परिषद संपली. आणि मग शाळेच्या मागे, बाभळीखाली लावलेल्या मोटरसायकलींपाशी, खरी परिषद सुरू झाली.

मोटरसायकलींपाशी माणूस खरं बोलतो. बहुतेक हेल्मेट हातात असल्यामुळे असेल. नाना गुरुजी म्हणाले, त्यांनी वर्षभर मोठ्या हौसेने शब्दपट्ट्यांनी वाचन घेतलं, आणि पोरं पट्टीच्या फाटक्या कोपऱ्यावरून शब्द ओळखायला शिकली. कोपरा झाकला की वाचन बंद. 'अहवालात काय लिहिलंत?' म्हणून विचारलं तर म्हणाले, "सत्त्याण्णव टक्के." दुसरे एक म्हणाले, त्यांनी पोरांना अहिराणीतून गोष्टी सांगायला लावल्या आणि जी पोरगी वर्षभर तोंड उघडत नव्हती ती आता थांबत नाही, पण हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना म्हणून 'हस्ताक्षर' लिहून दिलं. तेवढ्यात मॅडमनी त्यांची वजाबाकी सांगितली.

मॅडम म्हणजे माझ्या शाळेतल्या. त्यांच्या वर्गातला एक पोरगा आठवडे बाजारात आईशेजारी भाजी विकायला बसतो. वर्गात हाच पोरगा १०० उणे ६३ ही उभी वजाबाकी करतो आणि उत्तर काढतो १६३. शून्यातून तीन जात नाही असं त्याला वाटत नाही. शून्य आणि तीन यांत मोठा तीन, म्हणून तीन लिहितो, तसेच सहा लिहितो, आणि डावीकडचा एक कुणालाच नको असतो म्हणून तसाच उतरवतो. मॅडम एकदा मुद्दाम त्याच्याकडे भाजी घ्यायला गेल्या. त्रेसष्ट रुपयांची भाजी झाली, शंभराची नोट दिली. पोराने आकाशाकडे बघितलं, ओठ हलवले, "त्रेसष्टले सात, सत्तर… वर तीस… हाई ल्या मॅडम, सदतीस रुप्या." शाळेतल्या रीतीने हिशोब केला असता तर त्याने शंभराची नोट घेऊन मॅडमना एकशे त्रेसष्ट परत दिले असते, आणि भाजी फुकट. मॅडमनी मग वर्गातल्या सगळ्यांचं हेच तपासलं. बाजार मांडला की बरोबर, पाटीवर मांडला की बाद. पाटीवर आणि बाजारात पोर तेच, आकडे तेच.

"मग उपाय?" आम्ही विचारलं.

"बाजाराचा हिशोब पाटीवर कसा उतरवायचा तेच जमेना. दोन महिने खटपट केली. तिघांना जमलं, चौघांना नाही."

बाभळीखाली थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. असं 'नाही जमलं' म्हणणारं कृती संशोधन आम्ही प्रथमच ऐकत होतो. मग सगळे एकदम बोलायला लागले. प्रत्येकाच्या वर्गात एक एकशे त्रेसष्टवाला निघाला.

मॅडमचा अहवाल अर्थातच परत आला. शेरा होता: "नमुना अत्यंत लहान (७ विद्यार्थी). अपेक्षित प्रगती दिसत नाही. दुरुस्त करून फेरसादर करावा." नमुना वाढवण्यासाठी वर्गात पोरं आणावी लागली असती, आणि गावात जन्मायला एवढी तयार नव्हती. गंमत अशी की, याच गोष्टीवर १९८५ साली एक अभ्यास छापून आला आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा तेरेझिन्हा काराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. धंद्यातल्या हिशोबात मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, आणि तसलीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा ३७ टक्के. जगभरच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हा अभ्यास आजही सांगतात. त्यात मुलं होती पाच. आमच्या मॅडमची दोन जास्तच भरतात. त्या बाई ब्राझीलऐवजी आमच्या तालुक्यात नोकरीला असत्या तर अजून फेरसादर करत बसल्या असत्या.

हे मी घरी सांगितलं. घरी संशोधनाबद्दल आदर आहे, पण तो २०२० पासून जरा महाग पडतोय. त्या साली सोलापूरकडच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. तेव्हापासून खान्देशातल्या प्रत्येक शिक्षकाच्या बायकोकडे एक नजर आली आहे. गावातले म्हातारेही पारावरून विचारतात, "गुरुजी, तुमनं कव्हय?" सौभाग्यवतींनी मॅडमची हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "त्यांनी पैसे वाटले. तुम्हाला निदान माहिती तरी वाटता येते का बघा. जा त्या सेमिनारला."

तो सेमिनार म्हणजे एका महाविद्यालयातलं राष्ट्रीय चर्चासत्र. बऱ्हाणपूरहून एक प्राध्यापक येणार होते म्हणून राष्ट्रीय. (त्यांच्या साल्याचा साखरपुडा त्याच दिवशी गावात होता, असं नंतर कळलं.) नोंदणी शुल्क भरलं, फाईल, पेन आणि गुलाबाचं फूल मिळालं. मला मॅडमच्या वजाबाकीवर बोलायचं होतं, त्यांच्या परवानगीने. त्या स्वतः आल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी शाळा आहे ना."

दीपप्रज्वलन झालं. पाहुण्यांनी साने गुरुजींचं स्मरण केलं. खान्देशातल्या चर्चासत्राला ते करावंच लागतं, आणि बरोबरच आहे. गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळायचे. त्या दिवसांत ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. दैनिक, आणि हाताने! पोरांना काय कळलं, काय नाही, जगात काय चाललंय, ते सगळं त्यात. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही काढलं. दैनिकाचा खप एका हस्तलिखित प्रतीचा, आणि ती वाचायला पोरं वाट बघत. आमच्या तीन प्रती निघतात, त्यांतली एक कार्यालयात, एक शाळेत आणि एक 'अभिलेखासाठी' राहते. पाहुण्यांनी हे हस्तलिखित दैनिकाचं फार सुंदर सांगितलं, आणि मग म्हणाले की आता आयएसएसएन क्रमांक असलेल्या जर्नलातच छापा, त्याशिवाय धरत नाहीत.

जेवणाला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती. जळगावच्या वांग्याचं भरीत, तेही काड्यांच्या जाळावर भाजलेलं आणि बडगीत ठेचलेलं, हे खाऊन मनुष्य एकच काम करू शकतो, आणि शोधनिबंध वाचणं हे ते काम नव्हे. संयोजकांनी सगळे निबंध जेवणानंतर ठेवले होते. त्यात कुणाला तरी सुचलं की लांबच्या लोकांची गैरसोय नको, प्रमाणपत्रं आधीच वाटून टाकू. बडिशेपेबरोबर प्रमाणपत्रं वाटली गेली आणि दहा मिनिटांत सभागृहात पंखे उरले. माझी पाळी आली तेव्हा समोर पाच जण होते. चौघे आपापल्या पाळीची वाट बघत होते, पाचवा माईकवाला.

"वेळ कमी आहे," अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "प्रस्तावना, गरज, उद्दिष्टं सोडा. निष्कर्ष सांगा."

"सर, निष्कर्ष असा की जमलं नाही."

अध्यक्ष जागे झाले. "मग निबंध कशाचा?"

"न जमण्याचाच, सर. सात मुलांपैकी चौघांना—"

"ते दुरुस्त करून जर्नलला पाठवा. पुढचे!"

माईकवाल्याने मात्र बाहेर मला गाठलं. "सर, ते एकशे त्रेसष्टचं… माझा पोरगा पण सेम तसंच करतो. काय करायचं त्याला?" मी त्याला बाजार मांडायला सांगितलं. हे माझं एकमेव राष्ट्रीय सादरीकरण. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलेलं आहे, त्यामुळे ते दुसऱ्याच कुणाचं धरलं तरी चालेल.

छापायला जागाच नाही, अशातली गोष्ट नाही. शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहावं याची रीत मराठीत दीडशे वर्षांपेक्षा जुनी आहे. 'शालापत्रक' निघत होतं, आधी कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि मग त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ते चालवत. तेच विष्णुशास्त्री, ज्यांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली. आजही 'जीवन शिक्षण' निघतं. तक्रार असलीच तर आमची आमच्याबद्दल आहे: आमच्या शाळेच्या कपाटात मासिकांचे गठ्ठे आहेत आणि त्यांतल्या काहींवरची वेष्टणं अजून कुमारिका आहेत. इतरांनी आपलं संशोधन वाचावं असं प्रत्येक शिक्षकाला वाटतं, आणि इतरांचं वाचायला आपल्याला वेळ नाही हेही प्रत्येकाला माहीत असतं. धुळ्यात मला याची जास्त लाज वाटते. या गावात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. घरोघरची दप्तरं धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड त्यांनी काढले. पुढे एखादा राजवाडे आमच्या काळातल्या शिक्षणाची साधनं शोधत आला, तर त्याला भाऊंच्या झेरॉक्समध्ये एकच फोल्डर मिळेल, आणि त्याच्या निष्कर्षात येईल की विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर खान्देशातले लोक मुख्यतः मासेमारी करत.

मॅडमच्या वजाबाकीचं पुढे काय झालं, ते मात्र सांगायला हवं. परवा मी आणि त्या शाळा सुटल्यावर धुळ्याच्या एसटीत बसलो होतो. (त्या धुळ्याच्या नाहीत. त्याही शाळेच्या गावीच राहतात. माहेरी चालल्या होत्या.) एरंडोलला चढलेले एक गुरुजी पारोळ्याला आमच्या पुढच्या सीटवर येऊन बसले. शिरपूरकडचे निघाले, भाचीला बघायला इकडे आले होते. शिक्षक शिक्षकाला पिशवीवरून ओळखतो. लगेच पट, पगार, बदली असं सगळं झालं. मग ते मॅडमकडे वळून म्हणाले,

"मॅडम, वजाबाकी कशी घेता? एक युक्ती सांगतो, आमच्याकडे लई चाललीय. वर्गात आठवडे बाजार मांडायचा. पोराला शंभराची नोट द्यायची, त्रेसष्टची भाजी…"

मी तोंड उघडणार तोच मॅडमनी माझ्या पायावर पाय दिला.

"त्रेसष्टच का?" त्यांनी विचारलं.

"आता ते… त्रेसष्टच आहे. आमच्या केंद्रात सगळे त्रेसष्टचीच घेतात. पोरगा वर्गात एकशे त्रेसष्ट म्हणतो, बाजारात सदतीस."

"कुठं वाचलंत?"

"वाचलं कुठलं! आमच्या साडूचे मेहुणे साक्रीकडे मास्तर आहेत, त्यांना कुणी तरी पारोळ्याच्या स्टँडवर सांगितलं. जळगावच्या कुठल्या तरी सरांनी शोधून काढलंय म्हणतात."

जळगावच्या सरांकडे मॅडमनी एकदा बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघू लागलो.

"पण गुरुजी," मॅडम म्हणाल्या, "बाजारात येतं, पाटीवर उतरत नाही. त्याचं काय करता?"

"अहो, तिथंच तर मजा आहे! ते जळगाववाले तिथपर्यंतच आले होते म्हणे. आम्ही काय करतो, पोराला हातचा घे असं म्हणतच नाही. त्याला म्हणायचं, तुझ्याकडे सुट्टे आहेत का? नाहीत. मग शंभराची नोट मोड. दहाच्या दहा नोटा आण. त्यातली एक परत मोड, एक-एकची दहा नाणी. आता पाटीवर शंभर खोडून वर हेच लिही, नऊ नोटा आणि दहा नाणी. मग दे त्यातून त्रेसष्ट. पोरं स्वतःच खोडतात. आमची एक पोरगी तर म्हणाली, मग पहिलेच नोट मोडीसन का नही देतस?"

मॅडमनी पर्स चाचपली. वही शाळेत राहिलेली. त्यांनी आपल्या अर्ध्या तिकिटाच्या पाठीवर घाईघाईने शंभराखाली त्रेसष्ट मांडले आणि वरचे आकडे खोडून नऊ आणि दहा लिहू लागल्या. बस हलत असल्यामुळे आकडे जळगावच्या मेडिकलवाल्यालाच वाचता यावेत असे आले. गुरुजी सीटवरून मागे वाकून दुरुस्त्या सांगत होते. तेवढ्यात धुळ्याच्या अलीकडे तपासनीस चढले.

"तिकीट, मॅडम."

मॅडमनी तिकीट दिलं. त्यांनी ते पुढून बघितलं, मागून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा मागून बघितलं.

"नऊ ठीक आहे," ते म्हणाले. "पण हे दहा कुठून आले?"

"बसा," शिरपूरवाले गुरुजी सरकत म्हणाले. "तुमच्याजवळ शंभराची नोट आहे का?"